हलवू नका, फिरवा

टूसॉनला सात वर्षं झाली तरी
रॅटलस्नेकला मी मनात खुळखुळ्याच म्हणते.
बारशाला कुणी आणावा तसा
शेपटीच्या टोकाला तो वाळका खुळखुळा,
फक्त पाळण्यावर नाही,
गॅरेजात वाजतो, पाण्याच्या नळीखाली वाजतो,
विल्मा टीगच्या कोरफडीच्या कुंडीमागे वाजतो.
किंवा वाजत नाही.
परवा वाजला नाही.

सोमवार धारेचा.
रेफुहिओ बुस्तामांतेच्या डाव्या हाताला साडेचार बोटं.
गेलेल्या अर्ध्याबद्दल तो बोलत नाही,
पण आकड्याने साप उचलताना
उरलेलं अर्धंच आधी मागे सरतं.
पेल्यावर ताणलेल्या पडद्यात दात रुततात,
आणि करडईच्या तेलाच्या रंगाचे दोन थेंब, कधी तीन,
काचेवरून घसरतात. इतकंच.
गोठवून, सुकवून मग उरतो तो चुरा,
खडीसाखरेच्या बरणीच्या तळाशी असतो तसा.
त्याला नंबर. नंबराला कपाट. कपाटाला दोन कुलपं.

डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक खळगा.
खळी म्हणावी असा, गाल असता तर.
त्या खळग्याने तो ऊब पाहतो:
अंधारात उंदीर म्हणजे निखारा,
आणि काचेपलीकडे हातमोजे घालून उभी मी
म्हणजे पाच फूट दोन इंचांची
एक पेटलेली चूल.

परवा रात्री रक्ताचे नमुने घ्यायला
हॉस्पिटलात गेले.
विल्माच्या घोट्यावर नर्सने पेनने रेघ मारली होती: नऊ दहा.
तिच्या वर दुसरी: नऊ चाळीस.
सूज दोन्ही ओलांडून गुडघ्याकडे निघालेली,
पुलाच्या खांबावरच्या खुणा पुराने बुडवाव्यात तशी.
कुपीवर लिहिलेलं असतं: हलवू नका, फिरवा.
हलवलं की फेस येतो, औषध वाया जातं.
म्हणून त्या धावपळीच्या खोलीत
दोन माणसं अगदी सावकाश
मनगटातून कुपी फिरवत उभी,
नैवेद्याभोवती पाणी फिरवावं तशी.
सहा कुप्या. मग आणखी सहा.
एकीची किंमत मला ठाऊक आहे.
विल्माने विचारली,
तेव्हा मी खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे पाहिलं.
तिचं रक्त गोठायचं विसरलं होतं.
पहाटे तीनला नळीत त्याला आठवलं.

गाडीत बसले, किल्ली लावली नाही.
वासू गावडे आठवला, माझा मावसभाऊ, आंबोलीचा.
गेल्या श्रावणात बांबू तोडताना
त्याला चापडा डसला.
कोवळ्या देठाइतका हिरवा,
आणि डोळ्यापुढे हाच खळगा.
तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याला कुपी दाखवली:
नाग, मण्यार, घोणस, फुरसं.
चौघांची नावं. चापड्याचं नाही.
"ही देऊन उपयोग नाही," म्हणाले,
आणि खुर्ची ओढून
त्याच्या उशाशी रात्रभर बसून राहिले.

वासू वाचला. बोट वाकडं राहिलं.
फोनवर हसत म्हणाला,
"तुझ्याकडे इतके साप,
आमचो एक नाय काय गो?"
मी त्याला परवाने सांगितले, कस्टम्स सांगितलं,
अनुदानाचा अर्ज सांगितला.
त्या अर्जात एक रकाना असतो,
दरवर्षी मृत्यू किती.
चापड्यापुढे काय लिहू?
डॉक्टरांची एक जागी रात्र लिहू?
अर्धी बांधलेली बांबूची मोळी?
वासू "बरं, बरं" म्हणत राहिला,
मग त्याच्याकडची रेंज गेली.

आज सोमवार.
रेफुहिओ आकडा पुसतोय.
अकरा नंबरच्या पेटीत
खुळखुळा वाजू लागलाय.
मी अजून दारातच आहे, दिवा लावलेला नाही.